ठुशीखालची खूण

१

ललितापंचमीच्या सकाळी आमच्या गल्लीतली निम्मी माणसं टेंबलाईच्या यात्रेला गेली होती आणि उरलेली निम्मी चिमणाबाईच्या दारात उभी होती.

मी अंबाबाईचं दर्शन करून परतत होते. शिवाजी पेठेत हळू आवाजात कुणी भांडत नाही, त्यामुळे क्रांतीचं बोलणं मला गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू यायला लागलं.

"बगा की सगळ्यांनी! पीठ हाय व्हय हे? साखर हाय? हिच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली सापडलंय. माझ्या आईच्या ताटात हेच जातंय रोज!"

तिच्या हातात मुरांब्याची जुनी बरणी होती आणि बरणीत तळाशी करडी-पांढरी भुकटी. क्रांती म्हणजे चिमणाबाईची थोरली लेक, जयसिंगपूरला दिलेली. आईचं दुखणं वाढलं म्हणून घटस्थापनेलाच येऊन राहिली होती. तिच्यासमोर आतल्या दाराच्या चौकटीला टेकून चिमणाबाईची सून स्नेहल उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ती काहीच बोलत नाही हे बघून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या.

आतून चिमणाबाईचा घोगरा आवाज आला, "काय गलका लावलासा गं?" आणि ती कॉटवरून उठायला गेली.

उठता उठताच ते सुरू झालं. डावा हात कोपरापासून पिळवटला आणि पाठीमागं गेला. मान एका बाजूला खेचली गेली, ओठाचा कोपरा वर चढला, पायाचा पंजा आत वळून जमिनीवर घासायला लागला. नाचणाऱ्या माणसाला मध्येच कुणीतरी दोरीनं ओढावं, तसं काहीतरी. गर्दीतली एक बाई हात जोडून म्हणाली, "आई अंबाबाई!" चिमणाबाईचे दीर हंबीरराव देवघरातून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन धावले.

"पाया पडू नका कुणी!" क्रांती ओरडली. "देवी न्हाय ती. विष हाय विष!"

थोड्या वेळानं हात आपोआप सैल पडला. चिमणाबाई घामानं निथळली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "शामे, गर्दी हटव गं. लाज वाटती मला."

क्रांतीनं बरणी पदराखाली घेतली. "संध्याकाळच्या आरतीपतोर थांबतो मी. मग ही बरणी घिऊन पोलिसात जातो, आणि हिला शिरोळला तिच्या आईच्या दारात नेऊन सोडतो. कायमची."

२

चिमणा आणि मी एकाच गल्लीत वाढलो. ती पैलवानाची लेक, मी पोस्टमास्तरांची. शाळेतून येताना रंकाळ्यावर दप्तरं टाकून ती संध्यामठापर्यंत पोहत जायची आणि मी काठावर तिचे कपडे सांभाळत देवाचं नाव घेत बसायची. ती परत आली की ओल्या हातानं माझ्याच पुडीतलं भडंग खायची. "तू पुण्य साठव, मी पोहतो," असं म्हणायची. पुढं तिचं लग्नही याच पेठेत झालं, म्हशी असलेल्या घरात. मी शिक्षिका झाले. गल्लीचं नशीब असं की आमची दारं शेवटपर्यंत समोरासमोर राहिली.

तिची एक गोष्ट कोल्हापुरात जिथं जाईल तिथं लोकांच्या लक्षात राहायची. तिचे ओठ. क्रांती तान्ही होती तेव्हापासून तिला पानाची सवय लागली, ती सुटली नाही. पितळेचा डबा कायम मांडीशी. पानाला चुना लावायची तो दोन बोटांनी, सढळ. आम्ही चिडवलं तर म्हणायची, "पान न्हाय खाल्लं की हाताला मुंग्या येत्यात, बोटं आखडत्यात माझी." त्यावर तिची सासू म्हणायची, "व्यसनी माणसाला कारणं लई!" आणि आम्ही सगळ्या हसायचो. दारात उभी राहून ती हसली की तो लाल रंग आणि गळ्यातली घट्ट ठुशी, एवढंच लांबून दिसायचं. ठुशी ती आंघोळीलाही काढत नसे.

गर्दी पांगल्यावर तिचा मुलगा राजवर्धन माझ्यामागं दारापर्यंत आला. गोठ्याचं सगळं तोच बघतो. रोज संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर उभा राहतो आणि लोकांना समोर धार काढून देतो. एवढा थोराड गडी, पण डोळे लाल झाले होते.

"काकू, ताई माझं ऐकणार न्हाय. तुमचं ऐकल. शाळेत कुणी काय चोरलंय ते तुमी नुसतं तोंड बघून सांगायचासा म्हणं."

"ती चौथीतली मुलं होती रे."

"स्नेहल तसली न्हाय, काकू. पण ती बरणी कसली हाय ते मलाबी सांगत न्हाय ती."

मी त्याला काही वचन दिलं नाही. पायातल्या चपला पुन्हा काढल्या आणि आत गेले.

क्रांती स्वयंपाकघरात आईसाठी वेगळा भात शिजवत होती. सुनेच्या हातचं पाणीही आता तिला चालणार नव्हतं. शाळेत ही माझ्याच वर्गात होती. तेव्हाही खरं बोलायची, पण ओरडून.

"बाई, मी काय उगंच बोलतो व्हय? ऐका. आईला रोज सकाळी तांब्याभर धारोष्ण दूध लागायचं. जन्मात चुकलं न्हाय. आता राजू दूध आणून देतो आणि पितंय कोण? ही! मी डोळ्यांनी बघितलंय. आईच्या पेल्यातलं दूध ही उभी राहून पिती. म्हातारीला उपाशी मारायची आणि वर भुकटी चारायची."

"दुखणं सुरू कधी झालं?"

"श्रावणात फोनवर म्हणत होती, तोंडाभोवती मुंग्या येत्यात म्हणून. गणपतीत आलो तवा बोटं आखडलेली. अशी." तिनं पाचही बोटं एकत्र आणून चोच केली. "आणि आता हे. डॉक्टरनी फिट म्हणून गोळ्या दिल्या, तर अजूनच वाढलं. मेंदूचा फोटो काढला, त्यात दोन्हीकडं पांढरे डाग हायत म्हणाले. वयानं असतंय म्हणं. पासष्टी ओलांडली की डाग पडत्यात व्हय मेंदूवर?"

"आणि स्नेहलचं आईशी वाकडं होतं?"

क्रांतीनं पळी खाली ठेवली. "तेच तर कळंना. आई तिला लेकीपेक्षा जास्त जपती."

३

हंबीरराव सोप्यात बसून विडी ओढत होते. मला बघून त्यांनी ती विझवली.

"बाई, तुमीतरी ह्या पोरीला सांगा. वैनीच्या अंगात आईच खेळती. नवरात्रात का जोर चढलाय सांगा की! दवाखान्यात नेऊन सुया टोचल्या तर कोप व्हईल."

"तुम्ही तिला काही देता?"

ते थोडे आक्रसले. "अंगारा. शाहूवाडीकडं एक भगत हाय. पाण्यातनं देतो रोज चिमूटभर. विष न्हवं ते, शेणीची राख हाय."

"कधीपासून देता?"

"गणपती झाल्यावर. बोटं आखडली तवापासनं."

म्हणजे दुखणं आधी आणि अंगारा नंतर. मी मनातून त्यांना सोडून दिलं, पण एक गोष्ट विचारायची होती.

"हंबीरराव, मी पण आईचंच लेकरू आहे. देवळात मी अंगात आलेल्या बायका बघितल्या आहेत. शांत झाल्यावर त्यांना काही आठवत नाही. चिमणाला सगळं कळत असतं. ती माझ्याकडं बघत होती आणि तिला लाज वाटत होती. देवीला लाज कशाची?"

ते विझलेली विडी बोटांत फिरवत राहिले.

"आणि आरती चालू असताना कधी आलं होतं?"

"तसं न्हाय," ते विचार करत म्हणाले. "आरतीला ती गप बसलेली असती. येतंय ते उठताना. न्हायतर कुणी एकदम हाक मारली, दार वाजलं, तर."

देवी दार वाजल्यावर येत नाही, हे त्यांनाही तेव्हाच जाणवलं असावं. त्यांनी विडी पुन्हा पेटवायला घेतली आणि पेटवलीच नाही.

मी क्रांतीकडून बरणी मागितली. तिनं दिली, पण माझा हात धरूनच. मी चिमूटभर भुकटी बशीत घेतली, त्यावर पाण्याचे थेंब टाकले आणि नाकाशी नेली.

तो वास मी जन्मात विसरणार नाही. पावसाळ्यातला वर्ग, ओलं फडकं, पोरांच्या मांडीवर काळ्या पाट्या. बरणीत काय होतं हे मला कळलं. ते कपाटात का होतं, हेही कळलं. आणि ते मी क्रांतीला सांगू शकणार नाही, हेही.

४

स्नेहल गच्चीवर गोवऱ्यांच्या ढिगाआड बसली होती.

"पाटीवरच्या पेन्सिली," मी म्हटलं. "खलबत्त्यात कुटलेल्या. आमच्या वेळेला आम्ही भाजकी माती खायचो. कितवा महिना?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात खाली घेऊन बोलली.

"दसऱ्याला तिसरा भरतोय. काकू, मागचे दोन्ही तिसऱ्यातच गेले. दोन्ही वेळेला आधीच सगळ्या गल्लीला कळलं हुतं. माझी आई म्हणाली, ह्या खेपेला तीन महिनं भरूस्तोवर कुणाला कळता कामा नये. ह्यांना तेवढं म्हाईत हाय. पेन्सिल खाल्लेली ह्यांना चालत न्हाय, ओरडत्यात. दातात कुरकुर वाजती म्हणून कुटून ठेवली."

"आणि तुझ्या आत्तींना?"

सासूला ती आत्तीच म्हणते. "त्यांनाबी न्हाय सांगितलं. मला पोलिसात दिलं तर चालंल, पण तुमी कुणाला सांगू नका. शप्पत घ्या."

मी शपथा घेत नाही. पण सांगणार नाही म्हणाले, आणि देवासमोर म्हटल्यासारखंच म्हणाले.

"दूध का पितेस त्यांच्या वाटणीचं?"

"त्याच देत्यात. पितृपंधरवड्यापासनं. रोज पेला माझ्या हातात देत्यात आणि म्हणत्यात, मला नगं, तू पी, कुणाला सांगू नगंस. मला वाटलं, त्यांना माझं कळलंय."

मी जिना उतरून घरी आले. क्रांती म्हणते ते दूध खरं होतं, बरणी खरी होती, आणि दोन्हींचा दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता. पण हे सिद्ध करायला माझ्याकडं बोलता येईल असा एकही शब्द नव्हता. संध्याकाळ व्हायला अर्धा दिवस उरला होता.

५

दुपारी शेजारच्या बयाबाई हळदीकुंकवाच्या प्रसादाची बासुंदी घेऊन आल्या. मी वाटी घेतली, डोळ्यांना लावली आणि नेहमीसारखं म्हटलं, "देवापुढं ठेवते. या महिन्यात मला दूध नाही चाल—"

आणि तिथंच थांबले. बयाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

चातुर्मासाचा नेम. पहिल्या महिन्यात पालेभाजी सोडायची, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध. मी लग्नाआधीपासून पाळते. श्रावणात चिमणाच्या तोंडाला मुंग्या आल्या. भाद्रपदात बोटं आखडली. दूध सोडल्यावर अंग पिळवटायला लागलं. आम्ही सगळे शोधत होतो की तिच्या पोटात कुणी काय घातलं. तिच्या पोटात काय जायचं थांबलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पण चिमणा आणि नेम? माझ्या उपासांना उभा जन्म हसलेली बाई ती! मग आठवलं. यंदा आषाढापासून विठ्ठलाच्या देवळातल्या कीर्तनाला ती रोज येऊन खांबाशी बसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "गार वाटतंय हितं."

आणि मी तोच नेम पाळते. मला का काही झालं नाही? मी खात नाही आणि ती खायची अशी एकच गोष्ट होती, पान.

मी तडक समोर गेले. चिमणा कॉटवर पडली होती, तोंडात काहीतरी चघळत होती. मी तिच्याजवळ बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडं मागितलं.

"चिमणे, मला एक पान लावून दे."

"तुला?" तिनं भुवया उंचावल्या. "आज सूर्य कुटं उगवला?"

"आता या वयात एकदा खाऊन बघते."

तिनं डबा माझ्याकडं सरकवला नाही. मीच उघडला. पानं सुकून तपकिरी झालेली. चुन्याची डबी उघडली, तर आत चुना कोरडा, भेगा पडलेला, दगडासारखा. जी बाई चुना कधी वाळू देत नव्हती तिची डबी. मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. इतके दिवस रोज येत होते आणि दिसलं नव्हतं. तिचे ओठ पांढुरके होते. ती चघळत होती ती नुसती लवंग, घरच्यांना संशय येऊ नये म्हणून.

"कधीपासून सोडलंस?"

"बोलायचं नसतंय ते," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

६

माझ्या बहिणीचा मुलगा सौमित्र राजारामपुरीत मेंदूचा डॉक्टर आहे. सणाचा दिवस, तरी मावशीचा फोन म्हणून आला. मी पुढं जाऊन त्याच्या गाडीत बसले आणि येताना त्याला सगळं सांगितलं, एका गोष्टीशिवाय. तो बाकी ऐकून घेत होता, पण पानावर आल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली.

"चुना? रोज? किती वर्षं?"

"क्रांती तान्ही होती तेव्हापासून. पान नाही खाल्लं तर बोटं आखडतात म्हणायची."

"मावशी, त्याच्या आधी त्यांच्या मानेचं काही ऑपरेशन झालं होतं?"

मी नाही म्हणणार होते. मग मला ती बाळंतिणीच्या खोलीतली चिमणा दिसली. गळ्याला पांढरी पट्टी, कुशीत क्रांती. गळ्यावर गाठ वाढली होती, ती परगावी नेऊन काढली होती. ती घरी आली तेव्हा सासूनं स्वतःची ठुशी तिच्या गळ्यात घातली होती, व्रण दिसू नये म्हणून.

सौमित्रनं कॉटजवळ बसून चिमणाला नमस्कार केला. "मावशी, एवढी ठुशी काढू का?"

"क्रांती तान्ही हुती तवापासनं कुणी काढली न्हाय ती," ती पुटपुटली, पण हात आडवा घातला नाही. खाली गळ्याच्या मुळाशी आडवी फिकट रेघ होती. क्रांतीनं ती जन्मात पहिल्यांदा बघितली.

मग सौमित्रनं एक अगदी साधी गोष्ट केली. चिमणाच्या कानापुढं, गालाच्या हाडाखाली, बोटानं टिचकी मारली. तिच्या ओठाचा कोपरा टचकन उडाला. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा उडाला.

"आगं आई," हंबीरराव म्हणाले.

"देवी नाही," सौमित्र म्हणाला. "आणि विषही नाही. पण आत्ता निघायचं. यांचा आवाज घोगरा झालाय तो मला आवडत नाही. घसा आवळला तर—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चिमणानं श्वास आत ओढला आणि घशातून शिट्टीसारखा आवाज आला. राजवर्धननं आईला लहान मुलासारखं उचललं.

७

सौमित्रच्या दवाखान्यात शिरेतून औषध हळूहळू सोडलं तसा तो आवाज थांबला. दिवेलागणीपर्यंत तिची बोटं सुटी झाली. रक्ताचा अहवाल आला होता. सौमित्रनं आम्हाला खोलीतच उभं करून समजावलं.

गळ्यातल्या ज्या ग्रंथीची गाठ वाढली होती, तिच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार बारीक ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. गाठ काढताना त्यांना धक्का लागला असावा. तेव्हापासून चिमणाच्या रक्तात कॅल्शियम टिकत नव्हतं. मुंग्या, आखडणारी बोटं, सगळं त्याचंच. कुणीतरी तिला पान दिलं असेल, तिला बरं वाटलं असेल. पानातला चुना, तांब्याभर दूध, दही, भाजी, एवढ्यावर तिच्या शरीरानं इतकी वर्षं कशीबशी निभावलं. पण आत मेंदूत, हालचाली सांभाळणाऱ्या भागात, थोडं थोडं साठत गेलं. तेच ते पांढरे डाग.

"रक्तात न्हाय आणि मेंदूत साठलंय? ही कसली तऱ्हा!" क्रांती म्हणाली.

"हो. ग्रंथी बिघडल्या की होतं तसं. आणि यंदा बाहेरून येणारंही एक एक करून बंद झालं. मग उठताना, दचकताना अंग पिळवटायला लागलं. माझ्या मावशीसारख्या निरोगी माणसाला तोच नेम बाधत नाही."

"म्हणजे यंदा चिमणानं पान सोडलं, आणि चातुर्मास धरला," मी म्हटलं. "एकदा सोडलेलं पुन्हा धरलंही नाही. तिच्या ताटात कुणी काही घातलं नाही, क्रांती."

क्रांतीचं तोंड उतरलं. पण ती माझीच विद्यार्थिनी होती. गणित सुटल्याशिवाय पाटी पुसणारी नव्हे.

"बरं. मग ती भुकटी कसली? आणि ही बोलत का न्हाय?"

मी स्नेहलकडं बघितलं नाही. "ती विष नाही. एवढंच मी सांगू शकते."

"एवढ्यावर न्हाय भागत, बाई. माझ्या आईच्या घरात हिनं लपवून ठेवलंय. आरतीची वेळ झाली. मी राजूला म्हणतो, हिला—"

सौमित्रनं मध्येच चिमणाच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. "मावशी, या रोज घ्यायच्या. जन्मभर. त्या सोडल्या तर आज झालं ते परत होईल, आणि दर वेळी आपण वेळेवर पोचू असं नाही."

"काय असतंय ह्यात?"

"कॅल्शियम. म्हणजे तुमचा चुनाच, असं समजा."

चिमणानं हात उलटा केला. गोळ्या चादरीवर पडल्या.

"मग न्हाय घ्यायच्या."

सगळे एकदम बोलायला लागले. राजवर्धननं हात जोडले, हंबीररावांनी आईची शपथ घातली, क्रांतीनं तर पार आवाज चढवला. मी कॉटवर तिच्याजवळ बसले.

"चिमणे, औषधाला नेम लागत नाही. पोथ्यांतही तसंच आहे. औषध म्हणजे गंगेचं पाणी."

"तुझ्या पोथ्या तुला. मी शबूद दिलाय. चुना म्हटल्यावर चुना. तुला म्हाईत हाय की शामे, नवस अर्धा मोडला तर तो उलटतो. आणि उलटंल कुणावर? माझ्यावर न्हवं." तिचे डोळे एकदा खोलीत फिरले आणि दाराशी जाऊन थांबले. "तिच्यावर."

दाराशी स्नेहल उभी होती.

खरंतर हे मला दुपारीच समजायला हवं होतं. आवडतं ते सगळं कुणी सोडतं, ते काहीतरी मागण्यासाठी.

"दोन झाली तिची," चिमणा हळू म्हणाली. नवस बोलायचा नसतो, पण ती आता थकली होती. "तिसऱ्यांदा माझ्या दारात ती तसली रडली तर मला बघवायचं न्हाय. आषाढात मी आईला म्हटलं, माझ्या सुनेची ओटी मी माझ्या हातानं भरंपतोर जिवाला लागतं ते काय तोंडात घालणार न्हाय. पान न्हाय, चुना न्हाय, आणि नेमाच्या म्हयन्यापासनं दूधबी न्हाय. आता तू मला गोळी खायला सांगतीस?"

बाहेर कुठंतरी नवरात्राच्या मंडळाचा ढोल वाजत होता.

मला बोलता येत नव्हतं. एक वाक्य बोलले असते तर सगळं सुटलं असतं, आणि ते वाक्य माझं नव्हतं. मी खाली मान घालून चादरीवरच्या गोळ्या वेचत राहिले.

स्नेहल दारातून पुढं आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दसरा उलटायच्या आत बोललं तर काय होईल या भीतीनं पोलिसांच्या धमकीलाही न बोललेली पोरगी ती. कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी पसरला आणि म्हणाली,

"आत्ती, मग भरा की ओटी."

चिमणाला काही क्षण समजलंच नाही. मग तिनं स्नेहलच्या पसरलेल्या पदराकडं बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं.

"कितवा गं?"

"तिसरा सरत आलाय. पेन्सिल खात हुतो मी. ताईंनी आणली त्या बरणीत तीच हाय."

क्रांती धपकन खुर्चीत बसली. "अगं मेले," ती म्हणाली, "आधी सांगायचं न्हाईस व्हय? मी तुला पोलिसात..."

नारळ, खण आणि तांदूळ आणायला क्रांतीच धावली. राजारामपुरीत सणाच्या दिवशी उघडं दुकान शोधून, घामेजून परत आली. नर्स दारात आडवी आली, तर तिला म्हणाली, "पावणं, पाच मिनिटं डोळं झाका की!" सौमित्र खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिला.

चिमणाला उशीला टेकवून बसवलं. तिनं ओंजळीत तांदूळ घेतले आणि हात उचलला, तसा तो पुन्हा थोडा पिळवटला. औषध जेमतेम चढलं होतं. तांदूळ चादरीवर, जमिनीवर सांडले. तिनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा ओंजळ भरली. तेव्हा क्रांती पुढं झाली. आईची दोन्ही मनगटं तिनं खालून धरली, आणि तसंच धरून ते हात स्नेहलच्या पदरापर्यंत नेले. या वेळी तांदूळ पडले ते पदरातच.

क्रांती मोठ्यानं रडायला लागली. तिला हळू काही करता येत नाही.

"हळू गं," चिमणा तिच्यावर डाफरली. "चोरओटी हाय ही! सगळ्या राजारामपुरीला ऐकवतीस व्हय?"

मग तिनं माझ्याकडं तळहात पुढं केला. मी त्यावर गोळ्या ठेवल्या. तिनं त्या तोंडात टाकल्या, स्नेहलनं पुढं केलेल्या पेल्यातलं पाणी प्याली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यात काय चव हाय का?" ती सौमित्रला म्हणाली. "कात तरी घालायचासा."